आईची बाजू

"त्याला म्हणावं, तळाला लाल रंगाचा अजून एक हात लागेल."

"दादा, तो तुझ्या डोक्यावरच उभा आहे."

"माझ्या डोक्याला डोळे नाहीत. त्याला म्हणावं."

मधलीने मान वर केली. धक्क्यावरच्या आवारात बोट टेकूंवर उभी होती आणि तिच्या कठड्यावरून छोट्याचं टक्कल उन्हात चकाकत होतं. पन्नाशी गाठली तरी घरात त्याला छोट्याच म्हणत, आणि त्याची त्यालाही इतकी सवय झाली होती की तो गाणं शिकवतो त्या शाळेतली पोरं 'सर' म्हणाली की तो क्षणभर मागे वळून बघायचा.

"छोट्या, दादा म्हणतोय, तळाला लाल रंगाचा अजून एक हात लागेल."

"ऐकलं मी."

"मग उत्तर दे ना, बाबा."

"त्याला म्हणावं, डबा संपला."

"दादा, छोट्या म्हणतोय, डबा संपला."

"ऐकलं मी," बोटीच्या पोटाखालून आवाज आला.

असं दोन उन्हाळे चाललं होतं! बाबा गेल्यावर पहिल्याच मोसमात छोट्याने थोरल्या भावाला न विचारता बोट पाण्यात उतरवली. दादा तेव्हा कामानिमित्त दूर होता, आणि शिडं फुगवून चाललेली बोट त्याने पाहिली ती थेट फोटोत. परत आल्यावर तो छोट्याला एवढंच म्हणाला, "बाबांची बोट आहे, तुझं खेळणं नाही." छोट्या म्हणाला, "बोट पाण्यात असते, देव्हाऱ्यात नाही." त्या दोन वाक्यांनंतर तिसरं वाक्य झालंच नाही. तेव्हापासून दोघांमधलं जे काही बोलणं व्हायचं ते सगळं मधलीच्या तोंडून. वयाने ती दोघांच्या मधली होतीच, आता कामानेही झाली. दातांची डॉक्टर ती. दिवसभर लोकांना 'आ करा' म्हणायची आणि लोक मुकाट्याने आ करायचे. घरातली ही दोन तोंडं मात्र तिला उघडता आली नव्हती.

निरोप पोचवण्यात ती अगदी तरबेज झाली होती. शब्दाला शब्द. पदरचं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही. एकदा तिने दादाचा "हं" सुद्धा त्याच सुरात पोचवला होता.

"आत्या, तू नळ आहेस नळ," टिटवी म्हणाली. टिटवी म्हणजे दादाची मुलगी. आवाज असा की धक्क्याच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाचे बगळे उडायचे, म्हणून टिटवी. आत्ता ती शिडीच्या पायरीवर बसून पितळी कड्या घासत होती आणि नाकावर काळा डाग घेऊन फिरत होती. "एकीकडून ओतलं की दुसरीकडून पडतं. चव नाही, रंग नाही."

"पण गळत नाही," मधली म्हणाली. "हे लक्षात ठेव."

हे वाक्य तिने दुपारी मनातल्या मनात शंभरदा परत घेतलं.

पण सकाळी तिला वेगळीच धास्ती होती. आईने आदल्या दिवशी जेवताना, वाटी पुढे सरकवावी इतक्या सहज सांगून टाकलं होतं, "या वर्षी माझे दोन्ही मुलगे एकदम बोटीत बसलेले दिसले नाहीत, तर मी बोट शिडं हाकायला शिकवणाऱ्या शाळेला देऊन टाकणार. त्यांना हवीच आहे."

आई जमिनीवर कमी बोलायची, आणि बोलली की ते दगडावरची रेघ. बाबा गेल्यापासून तर घरात तिचा आवाज शोधावा लागायचा. मधली तिच्याबरोबर राहायची, म्हणून तिलाच ठाऊक होतं, आई खिडकीपाशी बसते, रेडिओ लावते आणि ऐकत नाही. पण तीच आई बोटीत सुकाणू हातात आलं की अशी काही ओरडायची! "दोर सोड! अरे त्या शिडाकडे बघ, माझ्याकडे काय बघतोस, मी काय चित्र आहे?" मधलीला ती आई हवी होती. वर्षातले चार महिने का होईना. बोट गेली तर ती आईही जाणार, आणि मग खिडकी आणि रेडिओ.

म्हणून आज सगळं सुरळीत व्हायलाच हवं होतं. क्रेनवाल्याने दुपारची वेळ दिली होती. दादा आला होता, छोट्या आला होता, हेच किती झालं. आता त्या दोघांना एका बोटीत कसं घालायचं, एवढाच प्रश्न. मांजराच्या गळ्यात घंटा बांधण्यापेक्षा थोडा अवघड.

"मधले," छोट्याने वरून हाक मारली, "हे महत्त्वाचं आहे. नीट ऐक आणि त्याला सांग."

बोटीच्या तळाला दोन भोकं असतात, मुद्दाम ठेवलेली. एकातून इंजिन गार ठेवायला समुद्राचं पाणी आत येतं, दुसऱ्यातून आतल्या छोट्या मोरीचं पाणी बाहेर जातं. एक डाव्या अंगाला, एक उजव्या. दोन्हींवर आतून उघडझाप करायचा कॉक. बोट जमिनीवर असते तेव्हा त्या भोकांत किड्यांनी बिऱ्हाड करू नये म्हणून बाहेरून लाकडी बुचं ठोकलेली असतात, आणि पाण्यात जाण्याआधी ती काढायची असतात.

"त्याला म्हणावं, आईच्या बाजूच्या बुचाला हात लावू नको. तिथला कॉक गंजून गेला होता, मी काढलाय, नवीन आलेला नाही. ते बूच तसंच राहू दे. दुसऱ्या बाजूचं काढ."

मधली वाकून बोटीखाली शिरली. दादा पाठीवर झोपून डब्याच्या बुडाशी चिकटलेला रंग खरवडून शेवटचा हात मारत होता. लिफ्ट तपासण्याची नोकरी करून करून त्याला सगळ्या गोष्टी खालून बघायची सवय लागलेली. त्याच्या भुवईवर लाल ठिपका होता.

"दादा, छोट्या म्हणतोय, आईच्या बाजूच्या बुचाला हात लावू नको. तिथला कॉक गंजून गेला होता, त्याने काढलाय, नवीन आलेला नाही. ते बूच तसंच राहू दे. दुसऱ्या बाजूचं काढ."

"आईच्या बाजूचं ठेवायचं. दुसरं काढायचं."

"बरोबर."

"त्याला म्हणावं, बरं."

"छोट्या, बरं!" मधली ओरडली. शब्दाला शब्द. एका अक्षराचा फरक नाही! दादाने पक्कड घेऊन एक बूच खडखडून हलवलं, ओढलं, आणि पँटच्या खिशात टाकलं. मधलीने समाधानाने हात झटकले.

दुपारी क्रेन आली तेव्हा आवारात लग्नघाई उडाली. सगळ्यांनाच पहिल्या उन्हात आपापली बोट पाण्यात हवी, त्यामुळे मागे रांग. क्रेनवाला तोंडात शिट्टी धरूनच बोलायचा, म्हणून त्याचं अर्धं बोलणं शिट्टीत जायचं.

"चला, उरका! पट्टे बघा, पट्टे! आजीबाई, खुर्ची मागे घ्या!"

"मी खुर्चीत नाही बसणार आता," आई उठून म्हणाली. "मी बोटीत बसणार."

"आई, ती आधी पाण्यात तर जाऊ द्या," काकू म्हणाली. काकू म्हणजे छोट्याची बायको; मोठी धीराची बाई, फक्त बोटीत पाय ठेवला की तिचं पोट ढवळायचं, म्हणून तिची सगळी सेवा काठावरून. दोन्ही भावांशी ती सारखंच गोड बोलायची आणि दोघांनाही वाटायचं ती आपल्या पक्षात आहे.

बोट हवेत उचलली गेली. लाल तळ, पांढरं अंग, वर लख्ख डोलकाठी. एवढी मोठी वस्तू दोन पट्ट्यांत झुलताना पाहिली की मधली दर वर्षी दोन पावलं मागे सरायची. टिटवी तर टाळ्या वाजवत होती. बोट खाली आली, पाण्याला टेकली, थोडी डुलली आणि स्थिरावली.

"तरंगली!" टिटवीने आरोळी ठोकली. बगळे उडाले.

पट्टे सुटले, क्रेन वर गेली आणि लगेच पुढच्या बोटीकडे वळली. छोट्या, मधली आणि टिटवी बोटीत चढले. आईला दोघांनी हाताला धरून उतरवलं आणि ती थेट मागे जाऊन, सुकाणूचा दांडा काखेत धरून, उजव्या बाकावर बसली. बसताक्षणी तिची पाठ ताठ झाली. दहा वर्षं गळून पडली म्हणाना.

दादा काठावरच राहिला. त्याने दोर धरला होता. बोट तशीच ओढत पलीकडे आपल्या जागेवर न्यायची, आणि तो काठाकाठाने चालणार.

"दादा, ये ना आत," मधली म्हणाली.

"कोणीतरी दोर धरायला हवा."

"दोर काकू धरेल."

"मी धरते की," काकू म्हणाली.

"नको, जड आहे," दादा म्हणाला आणि पाठ वळवून चालू लागला. छोट्याने मोठ्या आवडीने आकाश बघायला घेतलं. आईने दादाच्या पाठीकडे बघून घेतलं, आणि मधलीने आईकडे. गेली बोट, तिला वाटलं. शाळेच्या पोरांनी तिच्यावर गाठी मारायला शिकायचं, आणि आपण रेडिओ ऐकायचा.

तेवढ्यात टिटवी खालच्या खोलीतून म्हणाली, "आत्या, माझे बूट ओले झालेत."

"मग बाहेर काढून ठेव."

"अगं, मी घातलेत. पायात आहेत."

एक क्षण कोणाच्याच डोक्यात उजेड पडला नाही. मग छोट्याने वाकून आत बघितलं, आणि त्याचा चेहरा असा झाला की मधलीला दवाखान्यातले पेशंट आठवले. फळ्यांच्या फटींतून पाणी वर येत होतं, अगदी शांतपणे, आपल्याच घरात आल्यासारखं.

"बूच!" छोट्या किंचाळला. "बूच निघालं! मधले, आईच्या बाजूला बघ! आईची बाजू!"

"आईची बाजू!" काठावरून दादाही ओरडला. "डावीकडे! बाकाखाली!"

मधली डाव्या बाकाखालच्या कप्प्यावर तुटून पडली. आतून शिडाची पिशवी ओढली, तरंगायची जाकिटं भिरकावली, एक जुनी छत्री, आणखी जाकिटं. डोकं आत घातलं, हाताने चाचपलं. कॉक जागच्या जागी. गंजाचा मागमूस नाही. आणि कोरडा ठणठणीत.

"इथे काही नाही!"

"असं कसं नाही!" दादा.

"नाही म्हणजे नाही! भोक बंद आहे!"

"अगं बाई, तिकडे काय करतेस!" छोट्याचा आवाज पार वरच्या पट्टीला गेला, तो गाण्याच्या तासालाही जात नसेल. "आईची बाजू! आई कुठे बसलीय बघ ना! उजवीकडे!"

मधलीने मान बाहेर काढली. आई उजव्या बाकावर बसली होती, सुकाणूला धरून, आणि आजूबाजूला उडालेल्या जाकिटांकडे अत्यंत नापसंतीने बघत होती.

"आई, ऊठ!"

"मी उठले तर सुकाणू कोण धरणार?"

"आई, बोट बुडतेय!"

"म्हणूनच विचारतेय."

शेवटी ती सुकाणू न सोडता दीड वीत पुढे सरकली, आणि तेवढ्या फटीतून मधलीने झाकण उचलून अख्खा हात कप्प्यात घातला. खांद्यापर्यंत. आधी पिशव्या, मग गार पाणी, मग त्या गार पाण्यात एक आणखी गार, जोरात येणारी धार. मधलीने तळवा दाबला. धार थांबली. तळव्याला खालून समुद्र ढुशा देत होता.

"सापडलं!" ती म्हणाली. तिचा गाल आईच्या गुडघ्याला टेकला होता. "हात लावून ठेवलाय. पण किती वेळ?"

"तुझं कामच आहे ते, पोकळ्या भरायचं," आई म्हणाली.

"आई, विनोद नको!"

क्रेन मागच्या बोटीला हवेत घेऊन उभी होती. क्रेनवाला शिट्टी मारून हातवारे करत होता, पण अर्ध्यावर लटकवलेली बोट सोडून येणार कसा? छोट्या हातपंप दाबत होता, दाबता दाबता ओरडत होता, "बूच कुठे आहे? त्या मापाचं एकच होतं! बूच कुठे गेलं?"

आणि काठावर दादाने खिशात हात घातला. मधलीला खालून फक्त त्याचे पाय आणि तो हात दिसत होता. हात बाहेर आला. हातात बूच.

"मधले," तो म्हणाला, "त्याला म्हणावं—"

"मी कामात आहे!" मधली किंचाळली. दोन वर्षांत पहिल्यांदा निरोप नाकारला! "हात अडकलाय माझा! तुझं तू म्हण!"

दादाने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. आणि मग, दोन उन्हाळे आणि दोन हिवाळे गिळून बसलेला तो माणूस सगळ्या आवाराला ऐकू जाईल असा गरजला,

"छोट्या! झेल!"

"फेकू नको!" आई त्याहून मोठ्याने ओरडली. "याने जन्मात एक झेल घेतलेला नाही!"

हे खरं होतं आणि दादालाही ठाऊक होतं. त्याचा वर गेलेला हात तिथेच थांबला. काठ आणि बोट यांच्यात आता चांगलंच अंतर पडलं होतं. त्याने दोर काकूच्या हातात कोंबला, बूच दातांत धरलं, आणि त्या अवाढव्य देहाने, लिफ्टचं दार बंद होताना लोक घुसतात तशी, उडी मारली.

बोट गचकन कलली. टिटवी खाली धपकन बसली. डोलकाठी आकाशात एक मोठा अर्धगोल काढून आली. छोट्याने दादाच्या शर्टाला धरलं म्हणून तो पलीकडच्या बाजूने पाण्यात गेला नाही.

"बूच दे!"

"धर!"

दोघंही उजव्या कप्प्यात डोकी घालून वाकले. मधलीचा हात मध्ये, दोन्हीकडून दोन भाऊ, आणि वर आईचे पाय. तिथे जे बोलणं झालं ते मधलीने कानाने ऐकलं, आणि त्यातला एकही शब्द तिला कुठे पोचवायचा नव्हता.

"मी तीन म्हटलं की ती हात काढेल."

"तू कशाला, मी म्हणतो. बूच माझ्या हातात आहे."

"उलटं धरलंयस!"

"सुलटं आहे!"

"बारीक टोक आत जातं, गाढवा!"

"मग हातोडी दे ना, नुसता गाढव गाढव काय करतोस!"

"हातोडी काठावर राहिली."

"शाबास!"

हातोडीच्या जागी दादाचा बूट आला. मधलीने हात काढला, पाण्याचा फवारा तिघांच्याही तोंडावर बसला, बूच टेकलं, आणि बुटाचे दणके सुरू झाले. एक, दोन, भरपूर. मग फवाऱ्याची धार झाली, धारेचे थेंब झाले, आणि थेंबही कंटाळून थांबले.

तिघंही त्या बुचाकडे एकटक बघत राहिले, ते काही बोलेल की काय असे.

"थांबलं," छोट्या कुजबुजला.

"थांबलं," दादा म्हणाला.

तेव्हा कुठे मधली जागच्या जागी, पाण्यातच बसली. पाणी पोटरीएवढं होतं. बसल्यावर कमरेएवढं झालं. तिला ते छान वाटलं.

"टिटवे, बादली घे," आई म्हणाली. "टिटवी देखील समुद्र आटवते म्हणतात. दाखव."

"आजी, नाव तूच ठेवलंस आणि म्हणही तूच काढ!" पण टिटवीने बादलीने पाणी उपसायला घेतलं, आणि तोंडाचा पट्टाही सोडला. छोट्या पंपावर, ती बादलीवर. दादा शर्ट पिळून उभा राहिला आणि मग, श्वास जागेवर आल्या आल्या, त्याने मधलीकडे मोहरा वळवला.

"तू निरोप नीट का नाही दिलास?"

"मी?"

"हो, तूच!" छोट्या पंप थांबवून म्हणाला. "मी इतकं बजावून सांगितलं होतं, आईच्या बाजूचं काढू नको!"

"आणि मी नाही काढलं," दादा म्हणाला. "मी दुसरं काढलं. हिने काहीतरी घोळ घातला."

"हिचं लक्ष नसतं."

"लहानपणापासून नसतं."

"अगदी बरोबर!"

मधली पाण्यात बसल्या बसल्या एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिली. दोघंही कमरेवर हात ठेवून, खांद्याला खांदा लावून, तिच्यावर एकसाथ डाफरत होते. एक पक्ष! दोन वर्षांनी तिचे दोन्ही भाऊ एका पक्षात होते, आणि तो पक्ष तिच्या विरोधात होता. राग यायला हवा होता तिथे तिला हसू फुटायला लागलं.

"हसतेस काय?"

"शब्दाला शब्द सांगितलं मी," ती म्हणाली. "आईच्या बाजूचं ठेव, दुसरं काढ. टिटवी साक्षीला आहे."

"खरंय," टिटवी म्हणाली. "आत्या नळ आहे."

"थांबा जरा," आई म्हणाली. सुकाणू अजून तिच्या काखेत होतं. "आईची बाजू म्हणजे कुठली?"

"ही," दादा म्हणाला.

"ही," छोट्या म्हणाला.

दोघांची बोटं एकाच वेळी वर आली होती. एक डावीकडे, एक उजवीकडे. आपल्या बोटाकडे, मग दुसऱ्याच्या बोटाकडे बघत दोघं तसेच उभे राहिले, रस्त्यावरचे हरवलेले दोन ट्रॅफिक पोलीस. म्हणजे जिथे पाणी यायला हवं होतं तिथे येत नव्हतं, आणि जिथे नको तिथून येत होतं.

"बाबा उजवीकडे बसायचे," दादा म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली आला. "आई डावीकडे. कायम. आम्ही शाळेत होतो तेव्हापासून."

"ते बाबा असताना," छोट्या म्हणाला. त्याचाही सूर उतरला होता. "आता आई चालवते. दोन वर्षं तीच बसते इथे. तू आलाच नाहीस, तुला कसं माहीत असणार?"

यात टोमणा असायला जागा होती, पण नव्हता. मधलीने कान देऊन तपासलं, नव्हता.

दादा आईकडे बघत राहिला. त्या बाकावर बसलेली आई तो पहिल्यांदाच बघत होता. बोटीचा हिंदोळा आता मंद झाला होता. मधलीला पुन्हा धास्ती वाटली, ही पाण्याची नव्हे. आता तो म्हणणार, ती बाबांची जागा आहे. म्हणाला की संपलं.

"ती... बाबांची जागा होती," तो म्हणालाच. पण विचारल्यासारखं.

"जागा कसली डोंबलाची," आई म्हणाली. "त्यांना उजव्या कानाने ऐकू यायचं नाही. डावीकडे बसले असते तर माझ्याकडे तो बहिरा कान आला असता. म्हणून ते इकडे आणि मी तिकडे. जन्मभर मी तिकडून ओरडले, की शीड सोडा, शीड सोडा, तेव्हा ही बोट सरळ गेली. तुम्हाला वाटायचं, कप्तान बसलाय! माझे दोन्ही कान शाबूत आहेत. मी कुठेही बसेन. सुकाणू इथून बरं पडतं, म्हणून इथे."

"बाबा बहिरे होते?" छोट्या म्हणाला.

"एका कानाने. तुझं गाणं ऐकायची वेळ आली की दोन्हींनी."

दादाच्या नाकातून एक विचित्र आवाज निघाला. मधलीला वाटलं, रडतोय. तिने घाईने वर बघितलं. तो हसत होता. आवरायला जात होता आणि आवरत नव्हतं, खांदे गदगदत होते, आणि छोट्या "हसण्यासारखं काय आहे त्यात" म्हणता म्हणता स्वतःच पंपाच्या दांड्यावर कपाळ टेकून हसायला लागला. काठावरून दोर धरून ताटकळलेली काकू ओरडली, "अहो, झालं काय? बुडताय की हसताय?"

"दोन्ही!" टिटवीने कळवलं.

"दादा, बस आता," आई म्हणाली. "उभा राहिलास की बोट तुझ्या अंगावर कलते."

दादा इकडे तिकडे बघून डाव्या बाकावर बसला. छोट्याही हाश्हुश् करत त्याच्या शेजारी टेकला. दोघांच्या वजनाने ती बाजू जरा खाली गेली. आईने दोघांकडे एकदा नीट बघून घेतलं, एकाकडून दुसऱ्याकडे.

"आजी," टिटवीने बादली थांबवून, चक्क हळू आवाजात विचारलं, "मग त्या शाळेला फोन करायचाय का?"

"कशाला? तिथे शहाणी मुलं येतात," आई म्हणाली. "त्यांना ही बोट चालायची नाही."

मधलीने डोळे मिटून घेतले.

बोट तिच्या जागेवर लागली तोवर उन्हं कलली होती. डाव्या भोकाचं बूच काढायला छोट्यानेच कपड्यांसकट बुडी मारली, आणि दादाने त्याला काखेत हात घालून वर ओढलं. काकू कोरडे टॉवेल आणि चहाचा थर्मास घेऊन काठावर आली. मधलीने चहा घेतला, भिजलेल्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि बोटीच्या पुढच्या टोकाला जाऊन तापलेल्या फळ्यांवर आडवी झाली. पाठीखाली लाकूड, त्याच्याखाली पाणी, मधे कुठे भोक नाही.

मागे डोलकाठीपाशी जुंपली होती.

"ही तार किती ताणलीयस! तुटेल एखाद दिवशी."

"ती तशीच लागते. सैल ठेवली की काठी वाकते."

"मी रोज तारा तपासतो, मला सांगू नको. लिफ्ट लोंबकळते तिच्यावर, माणसं भरलेली."

"मग लिफ्टला शीड लाव आणि बघ."

"तू ऐकणार आहेस की नाही?"

"तू आधी विचारणार आहेस की नाही?"

टिटवी लगबगीने पुढे आली. "आत्या, ते भांडताहेत! खरंखुरं! ऊठ ना, मध्ये पड."

"भांडू दे."

"अगं पण—"

"माझ्याकडे काही निरोप आहे का?"

टिटवीने मागे वळून ऐकलं. "नाही."

"मग झालं तर."

ऊन डोळ्यांवर आलं तसं मधलीने तोंडावर रुमाल टाकला. रुमालाआड तिला आईचा आवाज ऐकू आला, चांगला खणखणीत, पाण्यावरचा: "मधली कुठे आहे?"

"झोपलीय बहुतेक," छोट्या म्हणाला.

मग दादा घसा न खाकरता, अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "तरी पण तार जास्तच ताणलीयस."

"नाही ताणलेली," छोट्याही कुजबुजला.

"हळू. उठेल ती."

"तूच हळू."

आणि ते दोघं डोक्याला डोकं लावून, ओठांतल्या ओठांत, मनसोक्त भांडत राहिले.